उपाशीपोटी ११०

आमच्या तालुक्यात माझी ओळख ‘साखर उतरवणारा डॉक्टर’ अशी होती, आणि मला ती आवडायची. दुसऱ्याकडे साखर खाली येत नाही म्हणून आजूबाजूच्या गावांतली माणसं माझ्याकडे यायची आणि महिना-दीड महिन्यात मी ती खाली आणून दाखवायचो. उपाशीपोटी ११०, जेवणानंतर दोन तासांनी १४०. एवढं केसपेपरवर चढलं की पेशंट खूश, मी खूश. मधुमेह म्हणजे रक्तात वाढलेली साखर आणि त्याचा उपचार म्हणजे ती उतरवणं, हे माझं मत. प्रॅक्टिसची कितीतरी वर्षं मी ते धरून बसलो होतो. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते पटकन बदललं नाही, आणि सगळं काही राजीखुशीने बदललं असंही नाही.

मुळात ते आलं कुठून, हे सांगायला हवं. आम्ही शिकत होतो तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, साखर ही डोळ्यांनी बघायची गोष्ट होती. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण पाच मिलिलिटर घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवट, पिवळं, नारिंगी असं चढत जायचं, आणि तळाशी विटकरी साका बसला की समजायचं, भरपूर आहे. दवाखाना टाकला तेव्हा टेबलाच्या कडेला मीही हा सगळा संसार मांडला होता. पेशंट स्टुलावर पुढे सरकून नळीकडे बघत बसायचा. मागच्या वेळी विटकरी आणि या वेळी हिरवा आला की त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडायचा, तो पुढे कुठल्याही छापील रिपोर्टने पडलेला मी पाहिला नाही. नंतर बोटाला टोचायचं ग्लुकोमीटर आलं, मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी आलं. साधनं सुधारली, पण डोक्यातलं चित्र त्या नळीतलंच राहिलं.

या मताला पुराव्याचं पाठबळ नव्हतं असं नाही. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप-१ रुग्णांवरचा डीसीसीटी हा अभ्यास आला. साखर घट्ट आवळून ठेवली की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा वाचतात, हे त्याने दाखवलं. १९९८ मध्ये ब्रिटनचा यूकेपीडीएस आला. त्यात नव्याने टाइप-२ मधुमेह निघालेले ५,१०२ लोक होते आणि काम वीस वर्षं चाललं होतं. बारीक रक्तवाहिन्यांची दुखणी साखर उतरवल्याने २५ टक्क्यांनी कमी झाली. मला आणखी काय हवं होतं? डोळे वाचतात, किडनी वाचते, मग हृदयही वाचणारच, असं मी धरून चाललो.

त्याच अभ्यासात हृदयाच्या झटक्यांबद्दलचा आकडाही होता. ते १६ टक्क्यांनी कमी झाले होते, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो फरक थोडक्यात उतरला नव्हता. योगायोगही असू शकेल एवढी जागा राहिली होती. आणि त्याच अभ्यासाचा एक जोडभाग रक्तदाबावर होता. सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ एवढंच बीपी खाली आणल्यावर पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले होते. कॅप्टोप्रिल आणि अ‍ॅटेनोलॉल या साध्या, जुन्या गोळ्यांनी. हा भाग तेव्हा माझ्या वाचण्यात आला नाही असं म्हणायला मला आवडेल. वाचला होता. पण बीपी वेगळं आणि शुगर वेगळी, अशी माझ्या डोक्यात दोन खाती होती, आणि एका खात्यातलं मी दुसऱ्यात टाकत नव्हतो.

हृदय तर तिसरंच खातं. छातीत दुखलं की कार्डिओग्राम काढायचा, जिभेखाली गोळी द्यायची, गाडी करून सांगलीला किंवा मिरजेला पाठवायचं. तिथून जिवंत आला तर स्टेंटचे कागद घेऊन पुन्हा माझ्याकडे, साखरेसाठी.

या खात्यांमधली भिंत पडायला लागली ती कुठल्या व्याख्यानाने नाही. मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहिताना पडायला लागली. आमच्याकडे माणूस घरीच वारला की नेहमीच्या डॉक्टरकडे फॉर्म येतो. त्यावर वरच्या ओळीत मृत्यूचं तात्काळ कारण लिहायचं, खालच्या ओळीत ते ज्यामुळे उद्भवलं ते. माझ्या हाताला सवय झाली होती: वर हृदयविकाराचा तीव्र झटका, खाली मधुमेह. दाखला न्यायला आलेला मुलगा किंवा जावई खुर्चीत बसून हमखास एक वाक्य बोलायचा, “पण डॉक्टर, साखर तर कंट्रोलमध्ये होती ना?” त्यात तक्रार नसायची. त्यांना खरंच कळत नसायचं. मी म्हणायचो, हो, होती. आणि त्याच वेळी फॉर्मवर माझ्याच अक्षरात दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असायच्या. मधुमेही माणूस कशाने जातो हे मी सरकारला लिहून देत होतो. फक्त उपचार करताना त्या वरच्या ओळीचा विचार करत नव्हतो.

खरं तर हा संबंध काही नवा शोध नव्हता. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या अभ्यासाने १९७९ मध्येच सांगितलं होतं की मधुमेह असलेल्यांना हृदयरोगाचा धोका दुप्पट-तिप्पट. १९९८ मध्ये फिनलंडहून आलेल्या एका निबंधाने तर खळबळ उडवली. त्यात पूर्वी कधी झटका न आलेले मधुमेही आणि एकदा झटका येऊन गेलेले बिनमधुमेही यांची तुलना होती. पुढच्या सात वर्षांत पहिल्या गटातल्या सुमारे २० टक्के लोकांना झटका आला, दुसऱ्या गटातल्या सुमारे १९ टक्क्यांना. म्हणजे मधुमेह निघाला की माणसाला एक झटका येऊन गेला असंच समजा. हे समीकरण पुढे अनेकांनी सौम्य केलं. सगळेच मधुमेही एका मापाचे नसतात, आणि कालच साखर निघालेल्या पस्तिशीच्या माणसाला ते लावणं बरोबर नाही. पण दिशा चुकीची नव्हती.

मग २००८ साल आलं. जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांच्या मासिक सभेत एका तज्ज्ञांनी अ‍ॅकॉर्ड अभ्यासाची हकिकत सांगितली. (सभेनंतरचं जेवण औषध कंपनीचं असायचं. पनीर चांगलं असेल तर उपस्थितीही चांगली असायची, हेही या निमित्ताने नोंदवतो.) अमेरिका आणि कॅनडातले १०,२५१ मधुमेही, बहुतेक साठीच्या आसपासचे, बऱ्याच वर्षांचा आजार, तिघांतल्या एकाला आधीच हृदयाचं काहीतरी होऊन गेलेलं. अर्ध्यांची एचबीएवनसी सहाच्या खाली नेण्याचा प्रयत्न करायचा, अर्ध्यांना सात ते आठच्या मध्ये राहू द्यायचं. अपेक्षा अशी की घट्ट आवळलेल्या गटात झटके आणि मृत्यू कमी होतील. सुमारे साडेतीन वर्षांनी अभ्यासाचा तो भाग थांबवावा लागला, कारण सैल सोडलेल्या गटात २०३ मृत्यू झाले होते आणि आवळलेल्या गटात २५७.

सभागृहात कुणी काही बोललं नाही. मला राग आला होता, एवढं आठवतं. परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात त्या अभ्यासाचे दोष काढत आलो. अमेरिकन माणसं, वजनं शंभरावर, दहा-दहा गोळ्या, इन्शुलिनचा मारा. आमच्या सडसडीत शेतकऱ्याला हे कशाला लागू होईल? आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. पण त्याच वर्षी ११,१४० रुग्णांच्या अ‍ॅडव्हान्स अभ्यासातही साखर आवळून झटके कमी झाले नाहीत, आणि पुढच्या वर्षी अमेरिकन माजी सैनिकांवरच्या अभ्यासातही नाहीत. तीन ठिकाणांहून तीच गोष्ट यायला लागली की आक्षेपांना फारशी धार राहत नाही.

त्याच २००८ मध्ये यूकेपीडीएसच्या जुन्या रुग्णांचा दहा वर्षांनंतरचा हिशेब प्रसिद्ध झाला, आणि तो माझ्या बाजूचा निघाला. आजार निघाल्या निघाल्या ज्यांची साखर नीट ठेवली गेली होती, त्यांच्यात इतक्या वर्षांनी झटके १५ टक्क्यांनी कमी दिसत होते, आणि आता तो फरक कसोटीला उतरत होता. गंमत अशी की अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर एकसारखी झालेली होती, तरी सुरुवातीच्या शिस्तीचं फळ टिकून होतं. म्हणजे साखरेचा आणि हृदयाचा संबंध आहे, पण तो फार सावकाश चालतो. चाळिशीत हे खातं भरायला लागलात तर साठीत काही हाती येतं. सत्तरीत एकदम मोठी रक्कम भरून उपयोग नाही, उलट दंड बसतो.

दंड म्हणजे काय, ते माझ्या दवाखान्यातच होतं. माझा एक आवडता पेशंट होता, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, वय सत्तरीच्या पुढे. त्याची शुगरची वही तिकिटाच्या हिशेबासारखी चोख: तारीख, वेळ, आकडा, शेवटी सही. उपाशीपोटी कधी ९५, कधी ८८. मी ती वही दुसऱ्या पेशंटना दाखवायचो. साखर उतरवणारं ग्लिबेनक्लामाइड पूर्ण मात्रेत चालू होतं. अ‍ॅकॉर्ड डोक्यात होतं म्हणून एका दिवशी मी त्याच्या बायकोला विचारलं, रात्रीचं काही होतं का यांना? ती म्हणाली, “तसं काय नाय. पहाटेचं गंजी भिजते घामानं, जरा भांबावल्यागत करत्यात. मी गुळाचा खडा देते, की बरं वाटतंय.” किती दिवसांपासून? तर पुष्कळ दिवसांपासून. त्याने वहीत ते कधी लिहिलं नव्हतं, कारण त्या वेळी आकडा घेतलेला नसायचा. आणि मी कधी विचारलं नव्हतं, कारण वही सुंदर होती.

साखर अशी रात्री घसरते तेव्हा शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं, हृदयाचे ठोके वाढतात, कधी त्यांची लय बिघडते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला हे झेपेलच असं नाही. अ‍ॅकॉर्डमधले जास्तीचे मृत्यू नेमके यानेच झाले का, यावर अजून वाद आहे. आवळलेल्या गटात साखर धोकादायक घसरण्याचं प्रमाण मात्र तिप्पट होतं. मी कंडक्टरची गोळी बदलली आणि सांगितलं की आता तुमची साखर १३०-१४० राहिली तरी मला चालेल. त्याला ते अपमानासारखं लागलं. “म्हणजे डॉक्टरसाहेब, आता आमच्याकडं लक्ष द्यायचं नाय असं ठरवलंत व्हय?” त्याला पटवायला मला जितका वेळ लागला, तितका त्याची साखर उतरवायला कधी लागला नव्हता.

इथपर्यंतचा बदल म्हणजे एक गोष्ट कमी करणं होतं. ते मला तुलनेने सोपं गेलं. अवघड गेलं ते दुसरं: ज्याच्या छातीत कधी दुखलेलं नाही त्याला हृदयासाठी गोळी लिहिणं.

स्टॅटिन, म्हणजे लोक ज्याला कोलेस्टेरॉलची गोळी म्हणतात, ती मी फक्त रिपोर्ट खराब असेल तर लिहायचो. मधुमेही आहे म्हणून सरसकट द्या, हे मला कंपन्यांचं गणित वाटायचं. २००४ मध्ये कार्ड्‌स अभ्यास आला: ब्रिटन आणि आयर्लंडमधले २,८३८ मधुमेही, हृदयरोग नाही, कोलेस्टेरॉलही विशेष चढलेलं नाही, आणि रोज दहा मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. झटके, पक्षाघात वगैरे मिळून ३७ टक्क्यांनी कमी. फायदा इतका स्पष्ट की अभ्यास ठरल्याहून दोन वर्षं आधी थांबवला. अभ्यासाला पैसा कंपनीचाही होता, म्हणून मी तो बाजूला ठेवला. संशय घेणं हे डॉक्टरचं कामच आहे. पण मी संशय एकाच बाजूला घेत होतो. साखर उतरवणारी महागडी गोळीही कंपनीचीच असायची, ती लिहिताना मला असा प्रश्न पडत नसे.

माझं मत खऱ्या अर्थाने फिरवलं ते डेन्मार्कच्या एका लहानशा अभ्यासाने. नाव स्टेनो-२, रुग्ण फक्त १६०, सगळे टाइप-२ आणि लघवीतून थोडी प्रथिनं जायला लागलेले. निम्म्यांवर नेहमीचे उपचार. निम्म्यांच्या मागे मात्र सगळ्या बाजूंनी लागायचं: बीपी, कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू, चालणं, जेवण. जवळपास आठ वर्षांत हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या घटना निम्म्यावर आल्या. एकवीस वर्षांनी मोजलं तेव्हा त्या गटातली माणसं दुसऱ्या गटापेक्षा जवळपास आठ वर्षं जास्त जगत होती. आणि ज्यांच्या मागे लागले होते त्या गटाची साखर काही फार सुंदर नव्हती. त्यांची एचबीएवनसी सरासरी ७.९ होती. माझ्या दवाखान्यात ७.९ वाला पेशंट बोलणी खाऊन जायचा.

हा निबंध मी दोनदा वाचला. त्यात नवीन औषध नव्हतं, शोध नव्हता, कुठल्या प्राध्यापकाची चमक नव्हती. वापरलेली बहुतेक सगळी औषधं माझ्या समोरच्या मेडिकलमध्ये मिळत होती.

मग असं का व्हावं, याचा विचार करताना जे पूर्वीपासून पाठ होतं तेच नव्याने समजलं. टाइप-२ मध्ये साखर चढते ती अगदी शेवटी. त्याआधी कितीतरी वर्षं शरीर इन्शुलिनला दाद देत नसतं, पोटाच्या आत आणि यकृतात चरबी साठत असते, ट्रायग्लिसराइड वाढलेलं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरलेलं, बीपी हळूहळू चढतंय, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खरबरीत होतंय. साखरेचा आकडा म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाखालची पातळी. तिथे पाणी चढलेलं दिसतं तेव्हा पाऊस कोयनेच्या खोऱ्यात केव्हाच पडून गेलेला असतो.

आणि आमचा सडसडीत शेतकरी, ज्याच्या जोरावर मी अमेरिकन अभ्यास उडवून लावला होता? त्याचं उत्तर पुण्यातच तयार होतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशेजारी उभा राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय हुबेहूब सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे. असे लोक माझ्या बाकावर रोज बसतात. मी त्यांना सडसडीत म्हणत होतो.

आणखी एक गोष्ट मी आता पहिल्यासारखी घेत नाही. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यात हृदयाकडून दुखण्याचा निरोप आणणाऱ्या नसाही येतात. म्हणून झटका येतो पण छातीत कळ येत नाही. माणूस म्हणतो, गॅस झालाय, दम लागतोय, उगाच घाम सुटला, गळून गेल्यागत होतंय. सोडा पितो आणि झोपतो. पूर्वी असा मधुमेही आला की मी आधी साखर बघायचो, कमी झाली असेल म्हणून. आता साखरेसोबतच कार्डिओग्राम काढतो, तो नको म्हणाला तरी.

औषधांच्या बाबतीत एकदा हात पोळलेला होता. रोसिग्लिटाझोन नावाची साखर उतरवणारी गोळी मी आवडीने लिहायचो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. स्टीव्हन निस्सेन यांनी जुन्या अभ्यासांची बेरीज करून सांगितलं की तिने हृदयाच्या झटक्याचा धोका ४३ टक्क्यांनी वाढतो. २०१० मध्ये आपल्याकडे तिच्यावर बंदी आली. पुढे अमेरिकेने आपले निर्बंध सैल केले, वाद पूर्ण मिटला नाही, पण माझ्यापुरता धडा असा होता की साखर छान उतरवणारी गोळी हृदयाला वाईट असू शकते. या प्रकरणानंतर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ च्या अखेरीस नियम केला: मधुमेहाचं नवं औषध आणायचं तर ते हृदयाला अपाय करत नाही हे दाखवा.

या नियमातून जे निघालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या साखर उतरवणाऱ्या नव्या गोळीचा अभ्यास आला. हृदयरोग असलेले ७,०२० मधुमेही. अपाय करत नाही एवढंच सिद्ध करायचं होतं. पण हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हृदय कमजोर झाल्याने रुग्णालयात भरती होणं ३५ टक्क्यांनी कमी झालं. दोन गटांच्या साखरेत फरक म्हणावा तर एचबीएवनसीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पुढे त्याहूनही कमी. आणि फायदा काही महिन्यांतच दिसायला लागला होता. साखर उतरल्याने हृदय सुधारायला दहा वर्षं लागतात हे यूकेपीडीएसने दाखवलेलं; मग हा फायदा साखरेचा नव्हताच. २०१९ मध्ये त्याच कुळातलं डापाग्लिफ्लोझिन हृदय कमजोर झालेल्या पण मधुमेह नसलेल्या लोकांनाही लागू पडलं, तेव्हा उरलीसुरली शंका गेली.

या गोळ्या करतात काय, तर मूत्रपिंड जी साखर गाळून पुन्हा रक्तात घेतं ती घेऊ देत नाहीत, लघवीवाटे सोडून देतात, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम. सोबत मीठ आणि पाणीही जातं, हृदयावरचा भार उतरतो. पूर्ण यंत्रणा याहून गुंतागुंतीची आहे. या औषधांची मूळ पूर्वज फ्लोरिझिन. १८३५ साली ती सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळी केली गेली होती. ज्या विटकरी साक्याला भिऊन आम्ही प्रॅक्टिस केली, तोच साका ही गोळी चांगल्या कामासाठी पाडते. माझ्या पिढीच्या डॉक्टरला हे पचायला वेळ लागणारच.

आणि मी वेळ घेतलाही. जंतुसंसर्ग, खाज, एप्रिल-मेमध्ये उन्हात राबणाऱ्यांना पाणी कमी पडणं, उलट्या होत असताना किंवा कडक उपासात गोळी चालू ठेवली तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका. या सगळ्या काळज्या खऱ्या आहेत आणि आजही घ्याव्या लागतात. पण खरी अडचण किंमत होती, हे कबूल करायला हवं. महिन्याला दीड-दोन हजाराची गोळी मी कुणाला लिहिणार? डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही आठवड्यांत दहाच्या आत मिळायला लागली. माझं प्रिस्क्रिप्शन बदलण्यात जगभरच्या परिषदांपेक्षा या घसरणीचा वाटा मोठा आहे.

सगळं मत एकाच दिशेला वळलं असंही नाही. अ‍ॅस्पिरिन मी एके काळी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मधुमेह्याला द्यायचो, रक्त पातळ राहू दे म्हणून. २०१८ च्या असेंड अभ्यासात, हृदयरोग नसलेल्या १५,४८० मधुमेह्यांमध्ये, तिने मोठ्या घटना १२ टक्क्यांनी घटवल्या आणि मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढवले. ज्यांना झटका किंवा स्टेंट नाही अशा बहुतेकांची मी ती बंद केली. आणि मिश्री-तंबाखू. वर्षानुवर्षं मी बायकांना भात किती खाता हे विचारत आलो, मिश्री लावता का हे विचारलंच नव्हतं.

आता कुणी येऊन म्हणतं, म्हणजे साखरेला काही अर्थच नाही, तर मी चिडतो. डोळे, किडनी, पाय साखरेनेच जातात. पायाचा अंगठा काळा पडून आलेला माणूस बघितला की माझं जुनं मत पूर्ण ताकदीनिशी परत येतं. तरुण माणसाची साखर मी आजही घट्टच ठेवतो, त्याची मेटफॉर्मिन सुटू देत नाही.

फरक केसपेपरवर दिसतो. पूर्वी पहिल्या ओळीत साखर असायची आणि बरेचदा तीच शेवटची ओळ असायची. आता वर बीपी, मग लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, तंबाखू, पायाची नाडी आणि मग साखर. पेशंटना हे आवडतं असं नाही. “हार्टची गोळी कशाला, मला हार्टचं काय नाय,” हे आठवड्यातून कितीदा तरी ऐकतो. स्टॅटिनने म्हणे मेंदू जातो, किडनी जाते, असले निरोप मोबाइलवर फिरतात. ते आधी निस्तरावे लागतात. काही जुनी माणसं सोडून गेली. एक जण जाताना स्पष्ट सांगून गेला की शेजारच्या गावातला नवा डॉक्टर पंधरा दिवसांत शंभरावर आणतो, तुमचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. मला वाईट वाटलं. एके काळी असंच ऐकून तो माझ्याकडे आला होता.

लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी लोक टाळतात, पैसे जातात म्हणून, आणि लघवीतून काय कळणार म्हणून. साखरेची मात्र न सांगता करून येतात. म्हणून मी आता दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहितो, आणि कोपऱ्यावरच्या लॅबवाल्याला सांगून ठेवलंय, माझ्या पेशंटची नुसती साखर करून देऊ नकोस. तो म्हणतो, डॉक्टर, लोक माझ्याशी भांडतात. मी म्हणतो, माझ्याकडे पाठव.